‘रागा जॅझ स्टाइल’ : संक्षेप आणि स्वरस्थान

शंकर-जयकिशन ह्या चित्रपटसंगीतकारांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही ध्वनिमुद्रिका १९६८ साली निघाली. शीर्षकातील ‘रागा’ हा आकारान्त उच्चारच ती कोणत्या श्रोत्याकडे तोंड करून उभी आहे हे सांगून जातो. रविशंकर व येहुदी मेन्युहिन ह्यांची संयुक्त ध्वनिमुद्रिका आदल्याच वर्षी आली होती व सतारीविषयी पश्चिमेत कुतूहल जागे झाले होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीने त्या कुतूहलास दिलेले हे सुश्राव्य उत्तर होय.

तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग येथे काही मिनिटांत एकेक असे वाजविले आहेत. ह्या संक्षेपावरच सामान्यतः आक्षेप घेतला जातो. परंतु तो टिकणारा नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत भैरवी संपूर्ण उभी केली होती, हे विसरून कसे चालेल? दोष असलाच तर तो कामाच्या वाटणीत आहे. राग सांभाळण्याचा भार मुख्यतः रईस खाँ ह्यांच्या सतारीवर, आणि भोवती मनोहारी सिंग ह्यांचा सॅक्सोफोन, ट्रंपेट, गिटार, लुसिला पाचेको ह्यांचा पियानो. आता तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहूनही उतरलेला असतो. भैरवातील ऋषभ-धैवत आंदोलनावाचून निर्जीव होतात. पियानोची स्वरस्थाने मात्र ठरीव. सतारीने मींडेने जे सूक्ष्म स्थान गाठावे, तेच पाठीमागच्या स्वरमेळाने चौकटीत बसवून टाकावे, असे येथे होते. तोडीची स्वरावली कानी पडते, तोडी नव्हे.

मिश्र पिलू व शिवरंजनी मात्र रंगतात, आणि ते स्वाभाविकच आहे. शिवरंजनी ह्या संगीतकारांच्या हातात मुरलेली होती. ‘सूरज’मधील (१९६६) त्यांचे सर्वांत गाजलेले गीत त्याच रागातले. वाद्यवृंदाला तेथे परके घर वाटत नाही. (‘जॅझ’ ह्या शब्दाविषयी न बोललेलेच बरे : जॅझचा प्राण जो उत्स्फूर्त विस्तार, तो बव्हंशी सतारीकडेच राहिला आहे.)

परदेशी श्रोत्यापर्यंत पोहोचण्यास स्वरस्थानाचा बळी द्यावाच लागतो असेही नाही. भावगीतगायक जी. एन. जोशी ह्यांनी निर्मिलेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त (१९६७) संतूर जरी ठरीव स्वरांचे, तरी बासरी व ब्रिजभूषण काबरा ह्यांची सरकत्या स्वरांची गिटार मींड सांभाळतात, आणि मागे पियानो नाही. ती ध्वनिमुद्रिका पश्चिमेत आवडीने ऐकली गेली.