साक्षीदार नसलेले घर

न्यायालयातील प्रसंगांवर उभारलेले चित्रपट पाहण्याचे मी शक्यतो टाळतो. पडद्यावरचे वकील जे प्रश्न विचारतात ते प्रत्यक्षात विचारले, तर न्यायाधीश दुसऱ्याच प्रश्नाला खाली बसवतील हे ठाऊक असल्यामुळे रसभंग होतो. तथापि आशिमा छिब्बर यांनी दिग्दर्शित केलेला ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ हा २०२३ सालचा हिंदी चित्रपट मी दोनदा पाहिला. प्रथम घरच्या मंडळींसमवेत आणि नंतर एकट्याने. पहिल्या वेळी डोळे पाणावले, दुसऱ्या वेळी मनाने काही हरकती नोंदविल्या. त्या हरकतींचा विचार येथे करावयाचा आहे. कारण हा विषय केवळ पडद्यापुरता राहिलेला नाही. आपल्या देवस्थानांच्या परिसरातील अनेक तरुण कुटुंबे आज लहान मुलांना कडेवर घेऊन परदेशी जात आहेत.

कथानक थोडक्यात असे. देबिका चॅटर्जी ही बंगाली गृहिणी पती अनिरुद्ध आणि दोन लहान मुले यांच्यासह नॉर्वेत राहते. बालकल्याण संस्थेच्या स्त्रिया काही आठवडे घरी येऊन संसाराचे निरीक्षण करतात आणि एके दिवशी मुलांना मोटारीत घालून घेऊन जातात. मुलाला हाताने भरवणे, मुलांना आपल्याच बिछान्यात निजवणे, हे आईवरील ठपक्यांत येते. नवरा घरकामाला हात लावत नाही, हेही येते. पुढे नॉर्वेतील न्यायालय, मुलांना घेऊन स्वीडनच्या हद्दीकडे केलेले पलायन, मुलांचा ताबा दिराकडे जाणे आणि अखेर कोलकात्यातील निवाडा, अशी कथा पुढे सरकते. तिला सत्य घटनेचा आधार आहे. २०११ साली स्टाव्हँगर येथे एका भारतीय दांपत्याची दोन मुले अशीच ताब्यात घेतली गेली. २०१२ साली ती काकांच्या स्वाधीन होऊन भारतात आली. आणि २०१३ च्या जानेवारीत कलकत्ता उच्च न्यायालयाने ती आईकडे सोपविली.

चित्रपटाचे श्रेय प्रथम दिले पाहिजे. राणी मुखर्जी यांनी उभी केलेली देबिका ही आदर्श मातेचे चित्र नाही. ती आरडाओरडा करते, नको तेथे नको ते बोलते, आणि मुले परत मिळविण्याच्या घाईत स्वतःच्याच खटल्याची हानी करते. वकिली करणाऱ्याला असे पक्षकार चांगले ठाऊक असतात. ज्यांची बाजू खरी असते तेच पुष्कळदा सर्वांत वाईट साक्ष देतात. कारण त्यांना आपली व्यथा व्यवस्थित मांडावी लागेल असे कधी वाटलेलेच नसते. हे सत्य राणीबाईंनी नेमके पकडले आहे. २०२३ च्या चित्रपटांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो सार्थच होय.

माझी पहिली हरकत शीर्षकापासून सुरू होते. एका बाजूला एक स्त्री, दुसऱ्या बाजूला एक राष्ट्र, अशी मांडणी झाली की निवाडा आधीच झाला असे समजावे. नॉर्वेच्या भारतातील राजदूतांनी त्या वेळी चित्रपटातील तपशील वस्तुस्थितीला धरून नाहीत आणि हाताने भरवण्यासाठी कोणाची मुले नेली जात नाहीत, असा खुलासा केला. तो खुलासा पूर्ण समाधान देणारा आहे असे नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १० सप्टेंबर २०१९ रोजी ‘स्ट्रँड लोबेन’ खटल्यात नॉर्वेविरुद्ध निकाल दिला, आणि मुलाला आईपासून कायमचे तोडताना आई व मूल या दोघांच्या हिताचा तोल नीट सांभाळला गेला नाही, असे ठरविले. परंतु हा निकाल दुधारी आहे. त्या खटल्यातील आई नॉर्वेचीच होती. तिच्या मुलाच्या बाबतीत भात, काजळ किंवा बंगाली अंगाईचा काही संबंध नव्हता. म्हणजे प्रश्न दोन संस्कृतींच्या झगड्याचा जितका आहे, त्याहून अधिक तो शासनाने घराच्या उंबऱ्याच्या आत किती यावे याचा आहे. चित्रपट या प्रश्नाजवळ येतो आणि मातृत्वाच्या उमाळ्यात तो मागे सोडून देतो.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. अनिरुद्ध पत्नीवर हात उगारतो हे चित्रपट दाखवितो. मग ज्या घरात हे घडते त्या घराची चिंता परक्या अधिकाऱ्याला वाटली, तर ती सर्वस्वी दुष्टपणाची म्हणावी काय? या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी दिग्दर्शिका पतीला व सासरला खलांच्या रांगेत उभे करून मोकळ्या होतात. स्वतःच्या बाजूस अडचणीचा ठरणारा पुरावा पुढे आणून त्याला तोंड देणारी कलाकृती मोठी होते; तो पुरावा झाकणारी केवळ परिणामकारक होते. हा चित्रपट परिणामकारक आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहता दोन्ही देशांचे तत्त्व एकच आहे. आपल्या १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात पाल्याचे कल्याण हीच कसोटी आहे; १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचे १३ वे कलम तेच कल्याण सर्वश्रेष्ठ मानते. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार नॉर्वे व भारत या दोघांनीही स्वीकारला आहे. त्याच्या २० व्या कलमात, घरापासून दुरावलेल्या मुलाची सोय लावताना त्याचा धर्म, संस्कृती व भाषा यांचा यथोचित विचार व्हावा, असे स्पष्ट सांगितले आहे. देबिकेच्या हाती याहून धारदार शस्त्र कोणते? पण चित्रपट आईच्या अश्रूंवर अधिक विसंबतो. मूल आपली भाषा विसरत चालले आहे याचे दुःख आईच्या हक्काहून निराळे आणि कदाचित अधिक खोल आहे. ते मुलाच्या बाजूने पाहिले गेले असते तर हा चित्रपट फार उंचीवर गेला असता.

तत्त्व एक असूनही निर्णय भिन्न का होतात? माझ्या मते भेद तत्त्वाचा नाही, साक्षीचा आहे. आपल्या वाड्यावर मूल वाढते तेव्हा त्याच्या वाढीला असंख्य साक्षीदार असतात. आजी असते, शेजारची मावशी असते. देवळात पालखीच्या रात्री मूल कोणाच्या मांडीवर झोपी गेले हे सांगणारी दहा माणसे असतात. आई थकली तर कोणी न बोलावता येते. बापाचा हात उठला तर कोणी वडीलधारा दटावतो. (दटावत नाही असेही घडते, आणि तो आपला दोष आहे.) परदेशी गेलेल्या घराला हे साक्षीदार नसतात. तेथे पहिला साक्षीदार वही घेऊन येतो आणि तो सरकारी असतो. देबिकेची शोकांतिका येथे आहे. नॉर्वे निर्दय होते म्हणून नव्हे, तर त्या घरावर प्रेम करणारा एकही माणूस हाकेच्या अंतरावर नव्हता म्हणून ती घडली. हे एकटेपण चित्रपटात दिसते, पण चित्रपटाला ते कळलेले नाही.

गेल्या वर्षी एक तरुण दांपत्य इंग्लंडला जाण्यापूर्वी मुखत्यारपत्र करण्यास माझ्याकडे आले होते. घर, कुळागर, बँकेतील ठेव यांची व्यवस्था त्यांनी बारकाईने सांगितली. थोरला मुलगा चार वर्षांचा, धाकटी अजून अंगावर पिणारी. कागद पुरे झाल्यावर मी सहज विचारले, “तिथे तुम्ही दोघेही एकाच दिवशी आजारी पडलात, तर मुलांना कोण घेईल?” दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. नारळाच्या पाडणीपर्यंत सर्व गोष्टींचा विचार झाला होता. हा झाला नव्हता.

स्थलांतर आपल्याला नवे नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, आणि देवांमागोमाग माणसे आली. परंतु त्या वेळी देव एकटे निघाले नाहीत आणि माणसेही एकटी निघाली नाहीत. नदीपलीकडे गेलेल्या मुलाला नवी माती मिळाली, पण उत्सव, भाषा आणि त्याला नावाने ओळखणारी माणसे जुनीच राहिली. आजचे कुटुंब समुद्रापलीकडे जाते ते आई, बाप आणि मुले एवढेच. त्यांनी जाऊ नये असे मी म्हणणार नाही. पोटासाठी आणि उत्कर्षासाठी निघालेल्याला अडवण्याचा अधिकार कोणाला? मात्र तेथे पोचल्यावर घर शोधण्याआधी दोन-चार माणसे शोधावीत, मग ती आपल्या जातीची, भाषेची असोत वा नसोत. आणि त्या देशाचा मुलांविषयीचा कायदा घरभाड्याच्या कराराइतक्याच काळजीने वाचावा.

चित्रपट अवश्य पाहावा. पाहून नॉर्वेवर रागावणे सोपे आहे. त्याऐवजी आपल्या मुलाच्या सुखदुःखाची शपथेवर साक्ष देऊ शकेल असे कोण आपल्याजवळ आहे, याचा विचार मनात आला, तर चित्रपटाच्या उणिवा असूनही ते अडीच तास वाया गेले असे म्हणता येणार नाही.