हिरवळ नावे, पारिजातक जमा

महागावच्या आमच्या वाड्याचा बगीचा ‘मूळ स्वरूपात’ आणायचं पुतण्याने ठरवलं आणि अंदाजपत्रक माझ्यापुढे टाकलं. बँकेत कारकुनी करणाऱ्याला घरात एवढाच मान! पहिली रक्कम हिरवळीची, दुसरी कारंज्याची, तिसरी ‘जुनी झुडपं काढणे’.

“अरे, आपल्याकडे हिरवळ होती कधी?”

“काका, जुन्या वाड्यांत असतेच. शनिवारवाडा बघा.”

बघितला. सहकुटुंब, प्रवास-सवलतीची रजा खर्ची घालून. दिल्ली दरवाजाचे खिळे म्हणे हत्तींसाठी. पण आमच्यासारखा कारकूनही जरा अंग चोरूनच आत जातो. आत बघावं तर कापलेलं गवत. १० जानेवारी १७३० ला पाया घातलेल्या, १६,११० रुपयांत बांधून १७३२ साली वास्तुशांत झालेल्या या वाड्याचा आतला भाग १८२८च्या आगीत गेला. उरली जोती, आणि जोत्यांच्या मधे ही हिरवळ. टापटीप आहे, धूळ उडत नाही, दमलेल्या बायकामाणसांना बरं वाटतं. हे सगळं जमेला धरतो. पण ती वाड्याविषयी चकार शब्द बोलत नाही. चूल कुठे होती, सुना फुलं कुठे वेचत, विचारून बघा! साहेबाच्या बंगल्यापुढे जशी असते तशीच ती इथेही. दुसऱ्याच खात्यातली नोंद चुकून इथे पडल्यासारखी.

हजारी कारंजं मात्र वेगळं. सोळा पाकळ्यांचं दगडी कमळ. चाळीस दिवसांचा असताना पेशवेपदाची वस्त्रं मिळालेल्या सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी केलेलं. मी गेलो त्या दिवशी त्यातून थेंब उडत नव्हता. तरी मी तिथे अर्धा तास उभा होतो, कारण ते कुणासाठी तरी केलेलं होतं. (बायको तेवढ्यात बाजीराव रोडवर खरेदी करून आली. तो खर्च वेगळा.)

आमची सांदवाडीही कुणासाठी तरी आहे. वाड्यात आता एकट्या काकू राहतात. न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ आणि अळू, भिंतीला गोडलिंब, दाराशी जास्वंद. बाजारात भाजी मिळाली नाही तरी त्यांचं अडत नाही. ‘जुनी झुडपं’ म्हणतात ती हीच. आणि मे महिन्यात विहीर तळ दाखवते तेव्हा त्या हिरवळीला पाणी कोण पाजणार होतं?

मी काकूंना अंदाजपत्रक वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “गवत कोणाले वाहू मी? एका गणपतीलेच चालते, अन् थेही एकवीसच काड्या.”

पुतण्या हसला; पण ओशाळलाही. हिरवळ खोडली. तिच्या जागी ‘विहिरीचा रहाट, दुरुस्ती’ लिहिलं. मग त्याने विचारलं, “आजी, आपला पारिजातक कुठे होता गं?”

काकू काठी टेकत उठल्या आणि त्यांनी जागा दाखवली. नकाशात तिथे कारंजं होतं.