मधली वर्षं कुणाच्या खात्यावर?

द्रोण आणि द्रुपद एकाच आश्रमात शिकले. पुढे एक राजा झाला आणि दुसऱ्याच्या घरी पोराला पाजायला दूध उरलं नाही. जुन्या ओळखीच्या भरवशावर द्रोण दरबारात गेला, तेव्हा मैत्री बरोबरीच्यांत होते असं सुनावून द्रुपदाने त्याला वाटेला लावलं. सुदाम्याचं नशीब थोर, त्याला धावत येऊन मिठी मारणारा सखा मिळाला. पण दोन्ही कथांत मधली वर्षं येतात ती ऐपतीतली तफावत दाखवायला. त्या वर्षांचं म्हणून वेगळं ओझं कुणाच्या खांद्यावर नसतं. जपानी मांगामध्ये ताटातुटीनंतर पुन्हा भेटणाऱ्या मित्रांची कथा वारंवार येते, आणि त्यातल्या चांगल्या लेखक-चित्रकारांनी नेमकं हे ओझंच हाती घेतलं आहे. मधली वर्षं गेली खरी, पण ती कुणाच्या खात्यावर पडली?

सर्वांत लोकप्रिय उत्तर सर्वांत सोपंही आहे. एइचिरो ओडा यांच्या 'वन पीस'मध्ये लुफी आणि त्याचे विखुरलेले सोबती ठरवून दोन वर्षं वेगळे राहतात. २०१० साली मालिकेत त्यांची पुनर्भेट झाली. ही दोन वर्षं अंगावर लगेच दिसतात: झोरोचा एक डोळा व्रणाखाली मिटलेला, नामीचे केस लांब वाढलेले, फ्रँकी अवाढव्य झालेला. मनावर मात्र ओरखडाही नाही. इथे विरह म्हणजे तालीम. गंमत म्हणजे ओडा एका खऱ्या प्रश्नाच्या अगदी दाराशी जाऊन परततात. लुफीच्या टोळीचं नाव लावून काही तोतये हिंडत असतात आणि भोळा चॉपर त्यांनाच आपली माणसं समजतो. जिवाभावाच्या मित्राचा चेहरा दोन वर्षांत ओळखू येईनासा व्हावा, ही केवढी भयंकर शक्यता! ओडा तिचा विनोद करतात आणि जहाज पुढे हाकारतात. साहसकथेला ते शोभून दिसतं, पण मैत्रीबद्दल त्यातून नवं काही कळत नाही.

नाओकी उरासावा यांनी त्याआधीच अवघड वाट धरली होती. 'ट्वेंटिएथ सेंच्युरी बॉईज' (१९९९–२००६) या मांगातला केंजी गिटारचा नाद सोडून दुकान चालवतो आणि बहिणीच्या मुलीला वाढवतो. एका वर्गमित्राच्या संशयास्पद मृत्यूनंतर जुनं टोळकं पुन्हा जमतं, कारण लहानपणी गवतातल्या गुप्त अड्ड्यावर रचलेल्या जगबुडीच्या गोष्टी कुणीतरी खऱ्या करू लागलं आहे. तो माणूस स्वतःला 'मित्र' म्हणवतो. त्याला शोधायचं तर आठवावं लागतं, आणि नीटसं कुणालाच आठवत नाही. केंजीच्या लेखी कधीच मिटलेली एक भुरटी चोरी, जिचा आळ भलत्यावरच आला, त्या दुसऱ्या मुलाच्या आयुष्यात मिटलेलीच नसते. एकाच अंगणात खेळलेल्या मुलांचं बालपण एकच असतं हा समज उरासावा मोडून काढतात. पुढे कथा २०१४ सालात उडी घेते, मुखवट्याखाली मुखवटे निघत जातात आणि रहस्याच्या पसाऱ्यात हा धागा क्षीण होतो. तरी पहिल्या निम्म्या भागाची धार आजही बोथटलेली नाही.

योशितोकी ओइमा यांच्या 'अ सायलेंट व्हॉइस'मध्ये (२०१३–१४, सात खंड) जगबुडी नाही, फक्त एक शाळा आहे. सहावीत शोयाने कर्णबधिर शोकोचा छळ केला. पाच-सहा वर्षांनी तो खुणांची भाषा शिकून तिच्यापुढे उभा राहतो. ओइमांची हुशारी अशी की त्या दोघांची गाठ घालून त्या थांबत नाहीत, सगळा वर्गच हळूहळू परत आणतात. मग ध्यानात येतं की प्रत्येकाने मधल्या वर्षांत आपापल्या सोयीचा इतिहास लिहून ठेवला आहे. कावाई स्वतःला निर्दोष ठरवून मोकळी झालेली, उएनो आपला राग जसाच्या तसा जपून असलेली, तर साहारा तेव्हा पळ काढल्याची लाज बाळगून. पश्चात्ताप झाला म्हणजे हिशेब मिटला, असं ही मांगा म्हणत नाही.

वर्षं एकाचीच गेली तर? केई सांबे यांच्या 'इरेज्ड'मध्ये (२०१२–१६) सातोरू आपल्या वर्गातल्या कायोला मरणातून वाचवतो आणि त्यापायी पंधरा वर्षं कोमात जातो. जागा होतो तेव्हा कायो भेटायला येते ती कडेवर मूल घेऊन, आणि मुलाचा बाप त्यांचाच एक वर्गमित्र. तिला भविष्य मिळालं, त्यात सातोरूला जागा नाही. कुणाचा दोष नाही, म्हणूनच हे जास्त लागतं.

कानेहितो यामादा आणि त्सुकासा आबे यांची 'फ्रीरेन' (२०२० पासून) याच्या पुढे जाते. हजारो वर्षं जगणारी फ्रीरेन दहा वर्षांच्या मोहिमेनंतर मित्रांचा निरोप घेते आणि पन्नास वर्षांनी परतते, तेही हिमेलकडे ठेवायला दिलेलं ड्रॅगनचं शिंग न्यायला. हिमेल म्हातारा झाला आहे आणि लवकरच जातो. तिच्यासाठी जो काळ डुलकीएवढा, तो त्याचं उरलेलं आयुष्य होता. तिचा चेहरा आबे जवळपास जसाच्या तसा काढतात आणि भोवतालची माणसं बदलत नेतात, त्यामुळे संवादाशिवायही तोटा दिसतो. उशिरा का होईना, लोकांच्या आठवणींतून हिमेलला ओळखत जाणं हीच पुढची कथा.

'वन पीस'मधली ती पुनर्भेट आणि 'फ्रीरेन' यांत दहा वर्षांचं अंतर आहे आणि दोन्ही मालिका मुलांसाठीच्या साप्ताहिकांतल्या. विरहाला तालीम न मानता नुकसान मानण्याची मुभा तिथेही मिळाली, ही या कलेची कमाई. उणीव आहे ती वाट पाहणाऱ्याच्या बाजूची. परतणाऱ्याचं दुःख पानोपानी येतं, मागे राहिलेल्याचे दिवस बहुधा दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत जातात. सांबे यांनी मूळ कथा संपल्यावर सातोरूच्या मित्रांची कोमातल्या काळातली बाजू पूरक कथांत मांडली, पण ती पुरवणी म्हणून. हिमेलने पन्नास वर्षं नेमकी कशी काढली, हे मुख्य कथा म्हणून सांगण्याचं धाडस मांगाने अजून करायचं आहे.