कर्मांतरातील कथा : महाभारत आणि मानवजातीच्या तगून राहण्याचा प्रश्न

१

१६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली. त्या क्षणी भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायातील विश्वरूपाची आठवण झाल्याचे रॉबर्ट ओपेनहायमर यांनी पुढे १९६५मध्ये दूरचित्रवाणीच्या एका माहितीपटात सांगितले. तेव्हापासून अण्वस्त्रांच्या चर्चेत महाभारताचा उल्लेख आला की तो बहुधा भीष्मपर्वातील त्या प्रसंगापाशी येऊन थांबतो. हा संदर्भ प्रभावी असला तरी त्याने एक दिशाभूल केली आहे. विश्वरूपदर्शनात संहाराचे कर्तृत्व काळाकडे जाते आणि योद्धा निमित्तमात्र ठरतो. मानवजात तगून राहील काय, या प्रश्नाला त्या चौकटीत फारसा अर्थच उरत नाही. कारण जे व्हायचे ते आधीच झालेले असते.

महाभारताने हा प्रश्न विचारला आहे, परंतु तो अन्यत्र : सौप्तिक आणि मौसल या पर्वांत, आणि आदिपर्वातील और्वोपाख्यान व आस्तीकपर्व यांत. या चार स्थळांचे एकत्र वाचन केल्यास संघर्ष आणि अस्तित्व यांच्या संबंधाविषयी एक सुसंगत, आणि काहीसा अस्वस्थ करणारा, विचार हाती येतो.

या प्रश्नाची प्रचलित उत्तरे दोन प्रकारची असतात. मनुष्याचा इतिहास हा युद्धांचा इतिहास आहे, म्हणून आता हाती आलेल्या साधनांनी तो स्वतःचा नाश करणारच, असे एक उत्तर. इतकी युद्धे होऊनही मनुष्य आजवर टिकला, म्हणून तो पुढेही टिकेल, असे दुसरे. पहिले निराशेचे आणि दुसरे आशेचे दिसत असले तरी दोन्हींची तर्करीती एकच आहे. भूतकाळाच्या गोळाबेरजेतून भविष्य काढण्याची ही रीत प्रत्येक वेळी तगून राहणे नेमके कशामुळे शक्य झाले, हे विचारतच नाही. महाभारत तेच विचारते.

२

मराठी समीक्षेत महाभारताचे वाचन प्रामुख्याने शेवटाच्या अंगाने झाले आहे. इरावती कर्वे यांच्या १९६७च्या ग्रंथाचे ‘युगान्त’ हे शीर्षकच त्याची साक्ष देते. एक समाजव्यवस्था आणि तिचे मूल्यविश्व संपुष्टात आले, या जाणिवेतून त्यांनी व्यक्तिरेखांचा विचार केला. खांडववनाच्या दहनातील क्रौर्याकडे त्यांनी जितक्या निर्भीडपणे पाहिले, तितके त्यापूर्वी क्वचितच कोणी पाहिले असेल. धर्मवीर भारती यांचे ‘अंधा युग’ हे १९५४चे हिंदी काव्यनाटकही युद्धाच्या अठराव्या दिवसाच्या संध्याकाळी सुरू होते आणि कृष्णाच्या मृत्यूपाशी संपते. दुसऱ्या महायुद्धाची छाया त्यावर स्पष्ट आहे. अश्वत्थाम्याच्या अस्त्राचे वर्णन हिरोशिमानंतरच्या वाचकाला अण्वस्त्राची आठवण करून दिल्यावाचून राहत नाही.

या दोन्ही कृतींचे मोल निर्विवाद आहे. तथापि, महाभारताची कथनव्यवस्था शेवटापाशी थांबत नाही, याचीही नोंद घ्यावी लागते. ही कथा युगान्तानंतर सांगितली जाते आणि ती ऐकतो जनमेजय. अश्वत्थाम्याने ज्याला गर्भातच मारू पाहिले त्या परीक्षिताचा हा पुत्र. म्हणजे श्रोत्याचे अस्तित्व हाच एका फसलेल्या संहाराचा परिणाम आहे. आणि कथा ऐकत असताना हा श्रोता काय करीत असतो? तो सर्पसत्र करीत असतो. एका संपूर्ण जातीला अग्नीत लोटण्याचा विधी चालवीत असतो. तगून राहिलेल्यांचा वंशज दुसऱ्यांच्या निःपाताचा यजमान होतो, हा या चौकटकथेचा पहिला आणि सर्वांत कठोर निर्देश आहे. तगून राहिल्याने शहाणपण येतेच, असे महाभारत मानीत नाही.

३

सौप्तिकपर्वातील अस्त्रप्रसंगाचे तपशील येथे महत्त्वाचे आहेत. झोपलेल्या शिबिराचा संहार करून अश्वत्थामा गंगेच्या काठी व्यासांपाशी येतो. पांडव समोर येताच तो गवताची एक काडी उचलून तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राची योजना करतो. हे अस्त्र मनुष्यांवर सोडू नये, असे द्रोणांनी ते देतानाच बजावलेले असते. अर्जुन प्रतिअस्त्र सोडतो. परंतु सोडताना आधी आचार्यपुत्राचे, मग स्वतःचे आणि भावांचे कल्याण चिंतितो. त्याचा रोख अस्त्रावर आहे, माणसावर नाही. दोन अस्त्रांच्या मध्ये नारद आणि व्यास उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते मागे घेता येत नाही, म्हणून तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांकडे वळवतो.

येथे दोन योद्ध्यांमधील भेद सामर्थ्याचा नाही; अस्त्र दोघांकडेही आहे. भेद आहे तो उपसंहाराच्या क्षमतेचा. संहाराचे साधन मिळवणे ही एक विद्या आणि ते परत घेता येणे ही दुसरी, अधिक दुर्मीळ विद्या, असे हे पर्व सांगते. ब्रह्मशिर अस्त्र जेथे दुसऱ्या अस्त्राने निवारले जाते त्या प्रदेशात बारा वर्षे पाऊस पडत नाही, अशीही सूचना तेथे आहे. यशस्वी प्रतिकारालाही किंमत आहे, आणि ती लढणाऱ्यांखेरीज भूमीला व तिच्यावर जगणाऱ्या सर्वांना मोजावी लागते. परस्परधाकाने शांतता टिकते, असे मानणाऱ्या विसाव्या शतकातील युद्धनीतीला हे वाक्य अडचणीचे वाटावे.

निःशेष संहाराचे लक्ष्य नेहमी गर्भ असते, हेही महाभारत एकदाच सांगत नाही. और्वोपाख्यानात कृतवीर्याच्या वंशातील क्षत्रिय भृगुकुळाचा उच्छेद करताना गर्भही सोडीत नाहीत. और्व वाचतो तो आईने मांडीत लपवल्यामुळे. युद्ध शत्रूच्या वर्तमानाशी असते. उच्छेद शत्रूच्या भविष्याशी असतो. आज ‘वंशसंहार’ या संज्ञेने जे अभिप्रेत असते त्याचा हा भेद महाभारतकर्त्यांनी नेमका ओळखला होता.

४

और्वाची कथा आणखी एका कारणासाठी मोलाची आहे. त्याचा क्रोध सर्व लोक जाळू पाहतो. पितर त्याला आवरतात. परंतु क्रोध नाहीसा कर असे ते सांगू शकत नाहीत, कारण तो नाहीसा होण्यासारखा नाही. अखेर और्व तो समुद्रात टाकतो आणि तेथे तो वडवामुख होऊन जळत राहतो. ही कथा वसिष्ठ आपला नातू पराशर याला सांगतात. पित्याच्या वधाने तोही लोकांचा नाश करू पाहत असतो. कथा ऐकून पराशर सर्व लोकांच्या नाशाचा बेत सोडतो, परंतु राक्षससत्र करतोच. ते पुलस्त्यादी ऋषींना थांबवावे लागते, आणि त्या सत्रासाठी पेटवलेला अग्नी हिमालयाच्या उत्तरेकडील वनात टाकला जातो. तो तेथे अजूनही दिसतो, असे कथा म्हणते.

संहारशक्ती एकदा निर्माण झाली की ती नष्ट करता येत नाही. तिला कोठेतरी ठेवावे लागते, असा विचार या दोन कथांतून दिसतो. मौसलपर्वात त्याची तिसरी आवृत्ती येते. ऋषींच्या शापाने जन्मलेल्या लोखंडी मुसळाचे राजाज्ञेने चूर्ण करून ते समुद्रात टाकले जाते. द्वारकेत मद्यबंदीही पुकारली जाते. शस्त्र नाहीसे केल्याने संकट टळेल, अशी ही अपेक्षा. पुढे प्रभासक्षेत्री यादव एकमेकांना मारू लागतात तेव्हा हाती घेतलेले एरका गवत मुसळ होते. ते गवत त्या चूर्णातूनच उगवले, हा दुवा विष्णुपुराणाने आणि भागवताने स्पष्ट केला. सौप्तिकातील काडी आणि मौसलातील एरका, दोन्ही गवतच. शस्त्र कशाचेही होऊ शकते, हेच त्यातून सुचवले जाते.

१९८०च्या दशकाच्या मध्यात जगातील अण्वस्त्रांची संख्या सुमारे ७० हजार होती. आज ती सुमारे १२ हजार आहे. ही घट खरी आहे आणि तिचे महत्त्व कमी लेखू नये. परंतु ते बनवण्याचे ज्ञान चूर्ण करून समुद्रात टाकता येत नाही, याची आठवण मौसलपर्व करून देते.

प्रभासचे भांडण कशावरून पेटते, हे तर विशेष बोलके आहे. युद्धातून वाचलेल्या दोघांत, सात्यकी आणि कृतवर्मा यांच्यात, ते पेटते. झोपलेल्यांना मारल्याचा टोमणा सात्यकी मारतो. हात तुटलेल्या, प्रायोपवेशनास बसलेल्या भूरिश्रव्याच्या वधाची आठवण कृतवर्मा देतो. दोन्ही आरोप खरे आहेत. छत्तीस वर्षांनी दोघेही काही विसरलेले नाहीत आणि या न विसरण्यानेच वंश बुडतो. युद्धाची स्मृती जागी ठेवली की युद्धे टळतात, हा विसाव्या शतकाचा आवडता विश्वास येथे तपासून घ्यावा लागतो. दुसऱ्याच्या अपराधाची स्मृती आणि स्वतःच्या अपराधाची स्मृती यांत भेद आहे. प्रभासक्षेत्री प्रत्येकाला केवळ पहिलीच उपलब्ध आहे.

५

आस्तीकपर्व हे या सर्वांचे उत्तर आहे काय? मर्यादित अर्थाने आहे. आस्तीक हा नागकुळातील आई आणि ब्राह्मण पिता यांचा पुत्र. ज्यांचा संहार चालला आहे आणि जे संहाराचा विधी चालवीत आहेत, त्या दोन्हींशी त्याचे नाते आहे. तो शस्त्र उचलत नाही, सर्पांचे निरपराधित्व सिद्ध करीत नाही, जनमेजयाचे मतपरिवर्तनही करीत नाही. तो यज्ञाची स्तुती करतो आणि प्रसन्न झालेल्या राजाकडून मिळालेल्या वरात सत्र थांबवण्याची मागणी करतो. राजा टाळू पाहतो, दुसरे काही माग म्हणतो. पण दिलेला शब्द भर सभेत दिलेला असतो. संहार थांबतो तो करुणेने नव्हे, यजमान स्वतःच ज्या नियमाने बांधला गेला आहे त्या नियमाने. असंख्य सर्प तोवर जळून गेलेले असतात. ज्याच्यासाठी हे सत्र मांडले तो तक्षक मात्र वाचतो. खांडवदहनातून त्याचा पुत्र अश्वसेन असाच वाचला होता. सूड अपुरा राहतो आणि तो अपुरा राहतो म्हणूनच दोन्ही कुळे पुढे चालू राहतात.

भार्गवकथांची भर भारतकथेत मागाहून पडली, याकडे वि. स. सुखटणकर यांनी १९३६मध्येच लक्ष वेधले होते; आस्तीकाची चौकटही उत्तरकालीन मानता येईल. परंतु त्यामुळे प्रस्तुत अन्वयार्थ दुबळा होत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या संहितेत या कथा आहेत. त्या ज्यांनी घातल्या त्यांना युद्धकथा जशीच्या तशी पुढे द्यायची नव्हती, एवढे तरी त्यातून निश्चित होते.

अरुण कोलटकर यांच्या ‘सर्पसत्र’ या २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी दीर्घकवितेने नेमकी हीच चौकट निवडली. तेथे नागकुळातील जरत्कारू आपल्या मुलाशी बोलते. खांडववनाची कथा जळणाऱ्यांच्या बाजूने सांगितली जाते. व्यासांच्या आख्यानात आस्तीकाला धाडणारी आई गौण राहते. कोलटकरांनी तिला निवेदनाचा अधिकार दिला. मराठी कवीने शेवटाकडून चौकटीकडे वळणे ही ‘युगान्त’नंतरच्या महाभारतवाचनातील महत्त्वाची घटना मानायला हवी.

६

आता कथेच्या स्थानाविषयी. वैशंपायन भारतकथा सांगतात ती सत्राच्या कर्मांतरात, विधीच्या दोन अंगांमधल्या मोकळ्या वेळात. लाख श्लोकांचा हा ग्रंथ आहुतींच्या अधल्यामधल्या अवकाशात बसवलेला आहे. आणि कथा ऐकून राजाने सत्र थांबवले, असे महाभारत कोठेही म्हणत नाही. सत्र आस्तीकाच्या वराने थांबते. वसिष्ठांच्या कथेने पराशराला अर्धेच आवरले होते, आणि हा पराशर व्यासांचा पिता. साहित्याच्या सामर्थ्याविषयी इतका नेमस्त दावा करणारा दुसरा महाग्रंथ दाखवणे कठीण आहे. साहित्य मनुष्याला वाचवते, हे मानवतावादी समीक्षेचे गृहीतक महाभारताला मान्य नसावे. कथा चालू असते तोवर एक अवकाश उपलब्ध असतो आणि त्या अवकाशात कोणी आस्तीक दारापाशी पोहोचू शकतो, एवढेच ते सांगते.

या अन्वयार्थाची मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. महाभारतातील संहारामागे क्रोध आहे, नाव आहे, कुळ आहे. आधुनिक संहारयंत्रणेला क्रोधाची गरज उरलेली नाही. ती कार्यालयीन शिस्तीने चालते. शिवाय जनमेजयाचा शब्द सर्वांसमक्ष दिला गेला होता, म्हणून तो बांधला गेला. २०१७मध्ये स्वीकारलेला आणि २०२१मध्ये अमलात आलेला अण्वस्त्रबंदीचा करार अण्वस्त्रधारी राष्ट्रांपैकी एकानेही मान्य केलेला नाही. ज्या सभेत यजमान आलेलाच नाही, तेथे वर कोणाकडे मागायचा, हा प्रश्न आस्तीकपर्वाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

तरीही संघर्षांचा दीर्घ इतिहास पाहून मानवजातीच्या भवितव्याविषयी बोलणाऱ्यांना हा ग्रंथ एक शिस्त शिकवतो. मनुष्य आजवर तगला, तो स्वभावाने शांत झाला म्हणून नव्हे, आणि दैव अनुकूल होते एवढ्यावरही नव्हे. त्या त्या वेळी कोणीतरी अस्त्र मागे घेतले, कोणी क्रोध समुद्रात ठेवला, कोणी अर्ध्यावर आलेला विधी थांबवला. ही कृत्ये पुन्हा होतील याची हमी इतिहास देत नाही. ती अशक्य आहेत, असेही तो म्हणू देत नाही.