मुखवट्याच्या फटीतून दिसणारा नट

सुपरहिरोपटाच्या पहिल्या भागाचा बराचसा वेळ नायक उभा करण्यात जातो. शक्ती कुठून आली, पोशाख कसा ठरला, पहिली चूक काय झाली, हे सांगता सांगता दोन तास सरतात आणि खलनायक शेवटच्या हाणामारीपुरता उरतो. दुसऱ्या भागात हे ओझं उतरलेलं असतं. म्हणूनच या चित्रपटांतले मनात घर करून राहिलेले कितीतरी खलनायक सिक्वेलमध्येच भेटतात. पण मोकळी झालेली जागा बळकावायला नटाच्या आधी चिलखत, रंगभूषा आणि संगणक धावत येतात. ही भूमिका साकारणाऱ्याची खरी झुंज नायकाशी नसते, ती स्वतःच्या अंगावर चढवलेल्या या सामानाशी असते.

सॅम रेमीच्या ‘स्पायडरमॅन २’मध्ये (२००४) आल्फ्रेड मोलिनाच्या पाठीला चार अजस्र यांत्रिक हात होते. काही दृश्यांत ते संगणकानं काढलेले असले, तरी अनेक ठिकाणी खरेच बनवलेले होते आणि कळसूत्री बाहुल्यांसारखे माणसं ते हलवत होती. मोलिनानं त्यांना लॅरी, हॅरी, मो आणि फ्लो अशी नावं ठेवली होती. फ्लो चालवणारी स्त्री होती, म्हणून ते बाईचं नाव. ही नुसती सेटवरची गंमत नव्हती. नदीकाठच्या पडक्या धक्क्यावरचा प्रसंग आठवावा. बायको गेली आहे, प्रयोग फसला आहे आणि मोलिनाचा डॉक्टर ऑक्टेव्हियस अपराधाच्या भारानं मोडून पडला आहे. हात त्याच्या चेहऱ्याजवळ येतात, काहीतरी कुजबुजल्यासारखे वळवळतात. मोलिना ऐकतो. आधी मान हलवून नकार देतो, मग डोळे थबकतात आणि हळूहळू त्यांत लोभ उतरतो. बोलणारं समोर कुणी नाही, तरी संवाद दोघांचा वाटतो. एका सज्जन माणसाला दुर्जन होताना बघणं, तेही मिनिटभरात, इतकं पटणारं या प्रकारात क्वचितच सापडतं.

त्याच्या बारा वर्षं आधी, टिम बर्टनच्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’मध्ये (१९९२) मिशेल फायफरनं हेच पोशाख चढवण्याआधी करून दाखवलं होतं. मालकानं खिडकीतून ढकललेली तिची सेलिना घरी परतते, नेहमीच्या सवयीनं मांजरांना हाक मारते, दूध पिते, फोनवरचे निरोप ऐकते. आणि मग फुटते. मऊ खेळणी सिंकच्या यंत्रात कोंबते, गुलाबी भिंतींवर काळा रंग फवारते, शिवणयंत्रावर स्वतःचा पोशाख शिवते. पुढे तिनं जिवंत पक्षी खरोखर तोंडात धरून सोडला, त्याची चर्चा खूप झाली. पण कॅटवूमन जन्मते ती या घरात, आणि त्या जन्माला रबरी पोशाखाची गरज लागत नाही.

हीथ लेजरच्या जोकरभोवती दंतकथांचा इतका गराडा पडला आहे की त्यातून अभिनय शोधून काढावा लागतो. जानेवारी २००८ मध्ये, अवघ्या २८व्या वर्षी तो गेला. ‘द डार्क नाइट’ जुलैमध्ये प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. भूमिकेनंच त्याचा जीव घेतला, असं आजही बोललं जातं. हा त्याच्यावर अन्याय आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांच्या मिश्रणानं तो अपघाती मृत्यू ओढवला होता. शिवाय असं म्हणताना त्याची मेहनत आपण झपाटलेपणाच्या खात्यावर जमा करतो. प्रत्यक्षात त्याची कारागिरी डोळसपणे ठरवलेली दिसते. तोंडाच्या कोपऱ्यांवर चिकटवलेले कृत्रिम व्रण बोलताना सुटू लागायचे, म्हणून तो जिभेनं ओठ चाटायचा. ती अडचण त्यानं जोकरची लकब करून टाकली. आपल्या व्रणांची कहाणी जोकर दोनदा सांगतो, एकदा बापाची, एकदा बायकोची. दोन्ही वेळा लेजर ती इतक्या मनापासून सांगतो की दुसऱ्या वेळी आपल्याला पहिलीबद्दल फसल्यासारखं वाटतं. १५२ मिनिटांच्या चित्रपटात तो दिसतो जेमतेम अर्धा तास, तरी उरलेला वेळही त्याच्या येण्याची धास्ती असते.

याच मालिकेच्या पुढच्या भागात (२०१२) टॉम हार्डीचं तोंडच झाकलेलं होतं. उरले डोळे आणि हात. आपल्याला पैसा पुरवणाऱ्या धनाढ्य माणसाच्या खांद्यावर हार्डीचा खलनायक बेन हलकेच हात ठेवतो, त्यात जोर अजिबात नाही, आणि त्या माणसाचा सगळा तोरा उतरतो. हार्डीला तेवढी फट पुरली.

सगळ्यांना ती मिळत नाही. ऑस्कर आयझॅकसारखा ताकदीचा नट ‘एक्स-मेन: अपोकॅलिप्स’मध्ये (२०१६) निळ्या रंगाखाली आणि जड पोशाखाखाली गाडला गेला. मान वळवणंही अवघड होतं आणि दोन शॉटच्या मधे त्याला थंड तंबूत बसवावं लागे, हे त्यानंच पुढे सांगितलं. पडद्यावर ते दिसतंही. हिंदीत ‘क्रिश ३’मध्ये (२०१३) विवेक ओबेरॉयच्या कालला सुरुवातीला फार चांगली कल्पना लाभली होती. चाकाच्या खुर्चीत जखडलेलं शरीर, हलतात ती फक्त बोटं, आणि त्यांच्या इशाऱ्यावर वस्तू उडतात. एवढ्याशा हालचालीत ओबेरॉय भीती निर्माण करतो. मग काल बरा होतो, अंगावर धातूचं कवच चढतं, इमारती कोसळू लागतात आणि ती बोटं हरवतात. पटकथेनं त्याला खुर्चीत आणखी थोडं बसू द्यायला हवं होतं.

संगणकच शत्रू आहे, असंही नाही. ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’मधला (२०१८) थॅनोस पूर्णपणे संगणकावर घडवलेला आहे, पण त्याखाली जॉश ब्रोलिनचा चेहरा आहे. ठिपके लावलेल्या त्या चेहऱ्याची सूक्ष्म थरथरसुद्धा डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यांनी टिपली. मुलगी म्हणून वाढवलेल्या गमोराला कड्यावरून ढकलण्याआधी त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि हा अत्याचारी खरंच तिच्यावर माया करत होता, हे अंगावर येतं. अर्ध्या विश्वाचा संहार उरकून तो एका झोपडीबाहेर येतो, दमल्यासारखा पायरीवर टेकतो, समोरच्या डोंगरांवर सूर्य उगवत असतो. ब्रोलिनच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू उमटतं आणि पडदा काळा होतो.