क्रिस्तपुराण आणि आमचे शास्त्रवाचन

पेडणे व डिचोली तालुक्यांतील धर्मशिक्षकांशी शास्त्रवाचनाविषयी बोलावयाचे झाले म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. ग्रंथ घडला साष्टीत, रायतूर येथे तो छापला गेला १६१६ साली. पेडणे तर पोर्तुगीज अमलाखाली आले १७८८ मध्ये. तरीही कीर्तन, पोथी आणि दशावतारी खेळ यांनी येथील कान घडविला असल्यामुळे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे पुराण येथे आपले वाटते. प्रश्न एवढाच की, शास्त्र कसे वाचावे हे शिकताना या ग्रंथापासून काय घ्यावे?

आमच्या मते एक गोष्ट अवश्य घ्यावी. या पुराणातील श्रोते मुके नाहीत. आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनवितो की, जुनी पुराणे आम्ही सोडली, आता त्यांच्या जागी आम्हांस काही द्यावे. पुढेही श्रोते मध्येच शंका काढतात आणि कथा त्या शंकांच्या वाटेने पुढे सरकते. प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे स्टीफन्स यांनी चारशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

दुसरी गोष्ट मात्र जपून हाताळावी. पुराणकार चारही शुभवर्तमानांची एक अखंड कथा करतो. ज्यांच्या हाती बायबल नव्हते त्यांच्यासाठी ते योग्यच होते. आज फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ (२०१०) मराठीत उपलब्ध आहे. तेव्हा ती सबब आम्हांला उरलेली नाही. तरीही आमची प्रवचने अजून पुराणाच्याच वळणाने जातात.

आमचीच चूक सांगतो. मार्कच्या सहाव्या अध्यायातील पाच भाकरींच्या प्रसंगावर बोलताना, आपली शिदोरी देणाऱ्या मुलाचे आम्ही मोठ्या रसाने वर्णन केले. उपासनेनंतर पुस्तक हाती धरून एका श्रोत्याने विचारले, “फादर, तो मुलगा येथे कोठे आहे?” तो तेथे नव्हता. तो केवळ योहानाच्या वृत्तान्तात आहे. आम्ही वाचले नव्हते, आठवले होते.

शिक्षक-प्रशिक्षणात जिला उद्गामी पद्धती म्हणतात, म्हणजे उदाहरणांवरून नियमाकडे जाणे, तीच येथे हवी: आधी पाहावे, मग विचारावे, शेवटी बोध घ्यावा. त्याच उताऱ्यावर हे करून पाहू. ‘अरण्य’ या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द येथे तीनदा येतो. शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, असे मार्क आधीच नोंदवितो. म्हणजे ज्यांना लोकांस जेवू घालण्यास सांगितले, ते स्वतः उपाशी आहेत. येशू समुदायाला पाहून कळवळतो तेव्हा प्रथम शिकवितो, भाकरी त्यानंतर येते. एक पान मागे गेले तर हेरोदाची मेजवानी लागते. तेथे मानकरी जेवतात आणि अखेरीस तबकात येते योहानाचे शिर. दोन भोजने मार्कने शेजारी ठेवली आहेत. पण आम्ही उतारा तोडून वाचतो, म्हणून ती एकत्र दिसत नाहीत.

आणखी एक बारकावा. गवताचा रंग हिरवा असल्याचे चौघांपैकी एकटा मार्क सांगतो. आमच्या सड्यांवर गवत हिरवे होते ते आषाढ-श्रावणात. पॅलेस्टाइनमध्ये हिवाळी पावसानंतर, वसंतात. वल्हांडण जवळ आला होता, हे योहान सांगतो. त्याच्याशी हा रंग जुळतो. आणि मार्कने नुकताच मेंढपाळाचा उल्लेख केला असल्यामुळे तेविसावे स्तोत्रही सहज आठवते. हा दुवा निश्चित आहे असे आम्ही म्हणत नाही. पण जो रंगच पाहत नाही त्याला हा प्रश्न पडणारच नाही. ‘ब’ वर्षातील रविवारच्या वाचनांत मार्कचा हा प्रसंग मेंढपाळाच्या उल्लेखापाशी थांबतो व पुढील रविवारपासून योहानाचा सहावा अध्याय सुरू होतो. यास्तव मार्कचे हिरवे गवत त्या रविवारी कानावर पडतच नाही. ते पुस्तक उघडूनच पाहावे लागते.

अशा वाचनाने भक्ती कोरडी पडेल, जो तो आपला अर्थ काढील, अशी भीती काही बंधू व्यक्त करतात. ती निराधार नाही. म्हणूनच द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या ‘देई वेर्बुम’ (१९६५) या दस्तऐवजाचा बारावा परिच्छेद दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो: लेखकाचा हेतू व त्याचा लेखनप्रकार शोधावा, आणि समग्र शास्त्राची एकता व ख्रिस्तसभेची जिवंत परंपराही ध्यानी घ्यावी. सूक्ष्म वाचन ही पहिली पायरी आहे; ती गाळून वरची पायरी चढता येत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

तेव्हा धर्मशिक्षकांना आमची विनंती अशी: येत्या रविवारचा उतारा तीन वेळा वाचावा, त्याच्या मागचे व पुढचे पान पाहावे, पाच निरीक्षणे व दोन प्रश्न वहीत लिहावे, आणि त्यानंतरच कथा सांगावी. क्रिस्तपुराणातील श्रोत्याला गुरूच्या मुखाकडे पाहावे लागे. आमच्या श्रोत्याला आज पुस्तकाकडे पाहता येते. तो तेथे पाहून काही विचारील, तेव्हा आम्ही ते आधी वाचलेले असावे.