स्मरण : अर्थाचे आणि शब्दाचे

स्मरण म्हणजे पुनर्रचना होय, असा सिद्धान्त फ्रेडरिक बार्टलेट यांनी ‘रिमेंबरिंग’ (१९३२) या ग्रंथात मांडला. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा इंग्रज वाचकांनी कालांतराने पुन्हा सांगितली, तेव्हा अपरिचित तपशील गळाले व ‘कॅनू’ची साधी होडी झाली. प्रत्येकाचे पूर्वसंस्कार भिन्न, म्हणून स्मरणही भिन्न, हे त्यांचे प्रतिपादन मान्य व्हावे. परंतु ते अर्थस्मरणापुरतेच खरे आहे. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ व घनपाठ यांच्या साह्याने वैदिकांनी स्वरांसह शब्दक्रम राखला. तेथे अर्थाचे आकलन अनिवार्य नव्हते. म्हणूनच एका गद्यकथेवरून समग्र मौखिक परंपरा अविश्वसनीय ठरविणे युक्त नव्हे. निवेदकाने काय जपले, अर्थ की शब्द, हे संशोधकाने प्रथम तपासावे.